ममी आणि मय्यत

दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही हैदराबादला गेलो होतो. चारमिनार झाला, सालारजंग म्युझियममधले प्रसिद्ध घड्याळ पाहून झाले आणि तिसऱ्या प्रहरी पब्लिक गार्डनमधल्या राज्य वस्तुसंग्रहालयात पोचलो. तिथे इजिप्तची एक ममी आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका तरुण स्त्रीचा तो देह. निजामी राजवटीत खरेदी होऊन तो इथे आला. नववीची पोरे काचेच्या पेटीभोवती जमली. एकाने दोन्ही हात पुढे धरून, पाय ओढत चालून दाखवले. बाकीची खिदळली. आम्ही रागावलो नाही. सिनेमातली ममी अशीच चालते हे आम्हालाही ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर आम्हालाही हसू आले होते. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका मुलीने हळूच विचारले, "सर, इनको अबतक दफन क्यों नहीं किए?"

इतिहासाची सारी उत्तरे आमच्यापाशी तयार होती. देह सुकवण्यासाठी वापरले जाणारे नॅट्रॉनचे मीठ, सत्तर दिवसांचा विधी, आतडी वेगळी काढून ठेवण्याची पद्धत, सगळे पाठ होते. या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. "बेटा, ये म्युझियम है," एवढेच आम्ही म्हणालो. ती गप्प बसली. पण ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि आम्हालाही. परतीच्या प्रवासात बसमध्ये गाणी चालली होती आणि आमच्या डोक्यात तो प्रश्न.

गंमत अशी की, ममी म्हणजे काय हे आम्हाला प्रथम पाठ्यपुस्तकाने नव्हे, सिनेमाने शिकवले. १९९९ साली आलेला 'द ममी' हा अमेरिकी चित्रपट आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी केबलवर, हिंदी बोलीत पाहिला आहे. वाळूचे वादळ, मांस खाणारे किडे आणि धावपळ. त्यात भीतीपेक्षा जत्रेची मजा अधिक. पुढे २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, रात्री मोठ्या वाटू लागल्या, तेव्हा या चित्रपटाचे मूळ शोधत आम्ही मागे मागे गेलो आणि १९३२ सालच्या कृष्णधवल 'द ममी'पाशी येऊन थांबलो. तो पाहिला तेव्हा वाटले होते की हसू येईल. आले नाही. त्यानंतर आम्ही तो तीन-चार वेळा पाहिला.

दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड हा मूळचा छायाचित्रकार. जर्मनीत 'मेट्रोपोलिस'चे आणि अमेरिकेत 'ड्रॅक्युला'चे चित्रण त्याने केले होते. 'द ममी'त धावपळ जवळजवळ नाहीच. १९२१ सालच्या मोहिमेत इंग्रज संशोधकांना एक ममी आणि तिच्यासोबत एक छोटी पेटी सापडते. पेटीवर इशारा कोरलेला आहे की, उघडू नका. वडीलधारे दोघे त्यावर वाद घालत बाहेर जातात. आत एकटा राहिलेला तरुण सहायक मोह न आवरून पेटी उघडतो आणि आतली पोथी पुटपुटत वाचू लागतो. मागे ममीचे डोळे किंचित उघडतात. एक हात टेबलावर येतो. दारातून बाहेर सरपटत जाणाऱ्या पट्ट्यांची दोन टोके दिसतात. बस, एवढेच. किंकाळी फोडून तो तरुण वेड्यासारखा हसू लागतो आणि पुढे आपल्याला कळते की तो तसा हसता हसताच मेला.

बोरिस कार्लॉफ या नटाला पट्ट्यांतली ममी बनवायला रंगभूषाकार जॅक पियर्स याला सुमारे आठ तास लागले. एवढ्या मेहनतीची ती ममी पडद्यावर काही क्षणच दिसते. नंतर तोच कार्लॉफ दहा वर्षांनी फेझ टोपी घातलेला, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, अदबशीर मिसरी गृहस्थ बनून येतो. तो कुणाला हात लावू देत नाही, हळू बोलतो. त्याच्याकडे पाहताना जाणवते की भीती मुडद्याची वाटत नाही. भीती त्या क्षणाची वाटते, जेव्हा पेटीवर 'उघडू नका' असे लिहिलेले असूनही एक शिकलेला माणूस ती उघडतो. जुन्या ममीपटांचे सारे रहस्य आम्हाला इथे दिसले. मेलेला उठतो म्हणून ते भयपट नाहीत. जिवंत माणसाने त्याला उठवण्याचा हक्क कुठून आणला, हा प्रश्न त्यांच्या पोटात आहे आणि त्या प्रश्नानेच प्रेक्षकाची झोप उडते.

चित्रपट हा प्रश्न उघडपणेही विचारतो. टोपीवाला गृहस्थ इंग्रजांना राजकन्येच्या थडग्याची जागा दाखवतो. स्वतः का खोदत नाही, याचे कारण तो देतो: आम्हा मिसरींना आमची जुनी मय्यत खोदण्याची परवानगी नाही, ती फक्त परक्या म्युझियमांना आहे. पुढे तरुण फ्रँक कुरकुरतो की सापडलेले सारे कैरोच्या म्युझियमने ठेवून घेतले. त्याचे वडील त्याला बजावतात की आपण ज्ञानासाठी खोदतो, लुटीसाठी नाही. आणि फ्रँक जेव्हा नायिकेला सांगतो की राजकन्येच्या पट्ट्या सोडताना, तिच्या वस्तू हाताळताना तो तिच्या जवळजवळ प्रेमातच पडला, तेव्हा ती विचारते, प्रेम करायला मुली शोधण्यासाठी तुम्हाला कबरी उघडाव्या लागतात का? हा विनोद आहे. पण त्या विनोदाने आम्हाला चटका बसला.

हे संवाद हवेतून आले नव्हते. पटकथाकार जॉन बाल्डरस्टन हा पत्रकार होता. तुतनखामेनच्या थडग्याच्या बातम्या त्याने स्वतः दिल्या होत्या. ते थडगे हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनने इजिप्तला स्वातंत्र्य जाहीर केले होते, पण फौजा हलवल्या नव्हत्या. उत्खननाचा खर्च करणाऱ्या लॉर्ड कार्नारव्हनने बातम्यांचे हक्क लंडनच्या 'टाइम्स'ला विकले. म्हणजे इजिप्तच्या वृत्तपत्रांना आपल्याच मातीतल्या राजाची बातमी लंडनच्या दारातून घ्यावी लागली. ५ एप्रिल १९२३ रोजी कार्नारव्हन कैरोत वारला. डास चावल्याची जखम चिघळली हे त्याचे कारण. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला 'शाप' म्हटले. असा शाप त्या थडग्यात कुठेही कोरलेला सापडला नाही आणि ज्याने थडगे उघडले तो कार्टर १९३९ पर्यंत जगला.

मग लोकांनी शापावर विश्वास का ठेवला? आम्हाला वाटते, शापाची अफवा ही मनाची कबुली होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये तुतनखामेनचा देह उघडला गेला तेव्हा तो राळेने पेटीला घट्ट चिकटलेला होता. तो सोडवताना त्याचे अवयव वेगळे झाले. डोके सोन्याच्या मुखवट्यातून सुटावे म्हणून तापवलेल्या सुऱ्या वापराव्या लागल्या. मृत्यूसमयी तो राजा एकोणीस वर्षांच्या आसपासचा होता. आपण सोन्याचा मुखवटा पाहतो, तो कसा निघाला हे क्वचितच विचारतो. जे तोंडाने कुणी बोलत नव्हते ते अफवेने सांगितले आणि पुढे सिनेमाने दाखवले.

पुढचे चित्रपट या उंचीचे नाहीत. १९४० ते १९४४ या काळात आलेल्या चार चित्रपटांत खारिस नावाची ममी लंगडत माणसांचे गळे आवळत फिरते. तिला हुकूम सोडणारे पुजारी बहुधा फेझ टोपी घालतात आणि त्यांना 'बे' म्हणतात. म्हणजे फिरऔनच्या देवांची पूजा करणारा दुष्ट माणूस दाखवायचा आणि त्याला पोशाख व नाव मुसलमानाचे द्यायचे. हे पाहताना आम्हाला राग आला आणि तो यावाच. पण १९५९ साली ब्रिटनच्या हॅमर कंपनीने काढलेल्या 'द ममी'त याच टोपीवाल्याला एक प्रसंग मिळाला आहे. पीटर कुशिंगने रंगवलेला इंग्रज संशोधक त्याच्या घरी जातो. दोघे सभ्यपणे बोलतात. टोपीवाला विचारतो की परक्यांच्या कबरी उघडताना तुम्हाला कधीच काही वाटले नाही का? संशोधक मुद्दाम त्याच्या देवाची टर उडवतो. कथेत टोपीवाला खलनायक आहे, पण त्या खोलीत युक्तिवाद त्याचाच खरा ठरतो. आणि ख्रिस्टोफर लीने रंगवलेल्या ममीला तोंड उघडता येत नाही, तरी त्याच्या डोळ्यांत जे दुःख आहे ते आमच्या तरी विसरण्यातले नाही.

इथे आमचे काही वाचक विचारतील की, फिरऔनच्या मुलखातल्या मुडद्यांचा एवढा कळवळा कशासाठी? फिरऔन हे तर आपल्याकडे जुलमाचेच दुसरे नाव. कुराणात स्पष्ट सांगितले आहे की बुडणाऱ्या फिरऔनचा देह पुढच्या पिढ्यांसाठी निशाणी म्हणून राखला जाईल. मग ममी पाहणे ही इबरतच नाही का?

आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. पहिली गोष्ट, कुराणाने त्या फिरऔनचे व्यक्तिनाव सांगितलेले नाही. प्रत्येक ममी त्याची नव्हे. हैदराबादच्या पेटीतली मुलगी कुणावर जुलूम करून मेली, असे कोण म्हणेल? दुसरी गोष्ट, इबरत घेणारा माणूस मान खाली घालतो, बोट दाखवून हसत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पैगंबर (स.) यांच्या समोरून एक जनाजा गेला आणि ते उठून उभे राहिले. कुणी सांगितले की तो यहुद्याचा आहे. तोही एक जीवच होता, असा त्यांच्या उत्तराचा आशय. मय्यतीचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच, हीही शिकवण आपल्याला त्यांचीच. अदब मय्यतीच्या धर्मावर ठरत नाही, तो पाहणाऱ्याच्या ईमानावर ठरतो.

आणि दोष केवळ इंग्रजांच्या माथी मारूनही भागणार नाही. 'ममी' हा शब्दच आपल्या घरातून गेला आहे. फारसी-अरबी 'मूमिया' म्हणजे डोंगरातून पाझरणारा काळा डांबरासारखा पदार्थ. इब्न सीना यांनी त्याचे औषधी गुण सांगितले. आपल्या हकिमांकडची 'मोमियाई' तीच. पुढे ममीतून निघणारा काळा पदार्थही त्याच नावाने विकला जाऊ लागला. इ.स. १२००च्या सुमारास अब्दुल लतीफ बगदादी हे विद्वान हकीम इजिप्तमध्ये होते. मुडद्यांतून काढलेली मूमिया शहरात स्वस्तात विकली जाते असे त्यांनी लिहून ठेवले आहे आणि त्यांनी स्वतःही ती विकत घेतली. नंतर युरोपच्या औषधवाल्यांनी ममीची पूड शेकडो वर्षे विकली, चित्रकारांनी तिचा तपकिरी रंग वापरला आणि १८३०च्या दशकात लंडनमध्ये प्रेक्षकांसमोर ममी उलगडण्याचे कार्यक्रम झाले. हैदराबादची ममी तर कुणा इंग्रजाने आणलेली नाही. ती निजामाच्या राज्यात आली, तेव्हा आमचा मराठवाडाही त्याच राज्यात होता. म्हणून त्या मुलीचा प्रश्न लंडनकडे ढकलून मोकळे होता येत नाही.

आता पुन्हा १९३२च्या चित्रपटाकडे येऊ. इम्होतेपला जिवंत पुरले गेले ते कशासाठी? मेलेल्या राजकन्येला मंत्राने उठवण्याचा त्याने प्रयत्न केला म्हणून. हजारो वर्षांनी उठल्यावरही त्याला तेच करायचे आहे. तिचा आत्मा ज्या जिवंत मुलीत आहे असे त्याला वाटते, तिला मारून, ममी बनवून, मग अमर करायचे. पहिल्यांदा पाहताना आम्हाला त्याची दया आली. इतके प्रेम! पण शेवटी ती मुलगी, राजकन्येच्याच स्मृतीने बोलत, त्याला नकार देते. तिला जगायचे आहे. ती देवीची करुणा भाकते, मूर्तीचा हात उचलला जातो, पोथी जळते आणि इम्होतेपची माती होते.

इथे आम्हाला कळले की इम्होतेप आणि ते संशोधक हे एकमेकांचे शत्रू असले तरी त्यांचा गुन्हा एकच आहे. त्याला ती प्रेमासाठी हवी, त्यांना ज्ञानासाठी, चोराला सोन्यासाठी, औषधवाल्याला पुडीसाठी, आणि आम्हा प्रेक्षकांना तिकिटाच्या मोबदल्यात थरारासाठी. ती कुणाची तरी गरज भागवण्याचे साधन आहे. तिला काय हवे होते, हे कुणीच विचारत नाही. आपल्याकडे मय्यतीनंतर शोक तीन दिवसांचा, विधवेसाठी चार महिने दहा दिवसांचा. लहानपणी आम्हाला हा हिशेब कोरडा वाटायचा. आता वाटते, मेलेल्याला जाऊ देणे हेही त्याचे देणे आहे आणि ते देणे फेडायला माणसाला सब्र लागतो. इम्होतेपकडे प्रेम होते, सब्र नव्हता.

हा प्रश्न स्वतः इजिप्तने कसा मांडला, हे पाहायचे तर शादी अब्दुस्सलाम यांचा १९६९ सालचा 'अल-मूमिया' पाहावा. तो भयपट नाही, तरी आम्हाला सर्वांत जास्त भीती त्यानेच घातली. त्याला आधार १८८१ सालच्या खऱ्या घटनेचा. लक्सरजवळच्या कुर्ना गावातील एका कुटुंबाला देर अल-बहरीच्या डोंगरात रामसेस दुसरा, सेती पहिला अशा अनेक राजांचे देह एकत्र लपवलेले सापडले होते. ते गुपचूप एकेक वस्तू विकून जगत होते. चित्रपटात बाप वारल्यावर दोन मुलांना हे गुपित सांगितले जाते. चुलते त्यांच्यासमोर एका ममीच्या गळ्यातला दागिना कापून काढतात. आपण आजवर जी भाकर खाल्ली ती ही होती, हे धाकट्या वनीसला त्या क्षणी कळते. थोरला भाऊ नकार देतो आणि मारला जातो. वनीस कैरोहून आलेल्या अफंदीच्या बोटीवर जाऊन सारे सांगून टाकतो. पहाटे शवपेट्यांची रांग बोटीकडे निघते. वनीसजवळ ना घर उरते ना गाव.

त्याने बरोबर केले का? दलालाच्या हातून देहांचे तुकडे होण्यापेक्षा सरकारच्या हाती ते अखंड जाणे बरे, असे आपण म्हणू. पण पेट्या उघडल्या त्या दोन्हीकडे. दिग्दर्शक निकाल देत नाही. १८८१ साली जेव्हा ती आगबोट खरोखरच नाईलमधून निघाली, तेव्हा काठावरच्या गावांतल्या बायकांनी घरचीच मय्यत निघाल्यासारखा आक्रोश केला आणि पुरुषांनी बंदुकांचे बार काढले, अशी नोंद आहे. ते मुसलमान आणि कॉप्टिक ख्रिस्ती फेलाह होते, फिरऔनच्या धर्माचे कुणी नव्हते. तरी त्यांना कळले की हा जनाजा आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी अठरा राजे आणि चार राण्यांच्या ममी कैरोच्या तहरीर चौकातून फुस्तातच्या नव्या वस्तुसंग्रहालयात नेल्या गेल्या, तेव्हा त्यांना एकवीस तोफांची सलामी दिली गेली. फुस्तात म्हणजे हजरत अम्र बिन आस यांनी वसवलेले शहर. तो सोहळा आम्ही पाहिला. डामडौल पुष्कळ होता, पर्यटनाचा हिशेबही असेल. पण १८८१च्या त्या बायकांचे रडणे आम्हाला अधिक खरे वाटते.

मग त्या मुलीला उत्तर काय द्यायचे? दफन करा, असे म्हणणे सोपे आहे. आमचेही पहिले मन तेच म्हणाले. पण विचार करता अडचण दिसते. मातीत मिसळणे हा आपण सन्मान मानतो. त्या स्त्रीच्या माणसांनी मातीत न मिसळणे हा सन्मान मानला आणि त्यासाठी सत्तर दिवस खपले. आपल्या रिवाजाने तिला पुरले तर आपल्या मनाला बरे वाटेल, पण तिने मागितलेले ते नव्हे. म्हणजे पुन्हा तिला न विचारताच आपण निर्णय घेतला. २०१६ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन तज्ज्ञांनी त्या देहाची तपासणी केली आणि प्राणवायूविरहित पेटीची व्यवस्था झाली, तेव्हा तो आणखी झिजू नये एवढी काळजी घेतली गेली. तिच्या माणसांची इच्छा थोडीफार कुणी पाळली असेल तर ती त्यांनी, असेही म्हणता येईल. तिला तिच्या मुलखात, तिच्या डोंगरात परत ठेवता आले तर ते सर्वांत उत्तम. पण ते आमच्या हाती नाही.

आमच्या हाती आहे तो अदब. गेल्या हिवाळ्यात दुसरी तुकडी घेऊन आम्ही पुन्हा तिथे गेलो. तो प्रश्न विचारणारी मुलगी या वेळी नव्हती, ती दहावी होऊन कॉलेजात गेली आहे. दालनात शिरण्यापूर्वी आम्ही मुलांना बाहेरच थांबवले आणि सांगितले की आत एक मय्यत आहे. ती तुमच्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल. तिच्या घरच्यांनी तिला फार जपून ठेवले होते आणि आपण तिच्या घरच्यांना न विचारता तिला पाहणार आहोत. एवढे बोलून आम्ही आत गेलो. कुणी हात पुढे धरून चालून दाखवले नाही. एका मुलाने डोक्यावरची टोपी सारखी केली. त्याला कुणी सांगितले नव्हते.

परत आल्यावर आम्ही त्या मुलांना १९३२चा 'द ममी' दाखवला. पेटीवरचा इशारा वाचूनही तो तरुण हात पुढे करतो, तेव्हा वर्गातून एकच आवाज आला, "मत खोल!" त्या मुलीच्या प्रश्नाला पुरे पडेल असे उत्तर आजही आमच्यापाशी नाही. पण ती भेटली तर तिला हा आवाज ऐकल्याचे मात्र सांगणार आहोत.